प्रेस चालू असताना

सात वाजता भोंगा झाला आणि पत्रा दाबून आकार देणारे प्रेस सुरू झाले. सात वाजून दहा मिनिटांनी चारही फोरमन काचेच्या केबिनमध्ये येऊन उभे राहिले. शेवटी आलेल्या किसनने दार लावून घेतले, तसा बाहेरचा दणदणाट एकदम दूर गेला. प्रेसच्या या विभागाचा, म्हणजे शॉपचा, इंजिनिअर मुकुंद आठल्ये याने चष्मा लावला, टेबलावरच्या कागदात मान घातली आणि दिवसाचे काम वाचून दाखवले. तीन नंबरच्या प्रेसवर सकाळीच डाय, म्हणजे आकाराचा साचा, बदलायची होती. ते काम धोंडीबा नखाते याच्याकडे होते.

"व्हय साहेब," धोंडीबा म्हणाला. रहाटणीहून सायकल मारत आल्यामुळे त्याच्या कपाळावर अजून घाम होता.

आठ वाजता मुकुंदने काचेतून पाहिले. तीन नंबर कालच्याच डायवर चालला होता.

या महिन्यातली ही चौथी वेळ. ड्रॉवरमध्ये पर्सोनेल ऑफिसर मधुसूदन परचुरे यांनी पाठवलेले मूल्यमापनाचे पत्रक पडून होते. मुंबईला व्यवस्थापनाचे शिबिर करून आल्यापासून परचुऱ्यांनी त्यात 'कामाविषयीची प्रेरणा' असा एक नवा रकाना घातला होता. धोंडीबाविषयीचा शेरा आज संध्याकाळपर्यंत द्यायचा होता. निवृत्ती जवळ आली की माणसाची इच्छाच संपते, अशा माणसाला फोरमन ठेवण्यापेक्षा गेटवर बसवावे, असे परचुरे काल जेवणाच्या सुट्टीत म्हणाले होते. मुकुंदने वाद घातला नव्हता.

तो शॉपमध्ये गेला. वीस पावलांवरून धोंडीबाने मान वर केली. त्या आवाजात ओरडण्यात अर्थ नव्हता. डाय बदलायची होती ना, असे मुकुंदने नुसते ओठांनी विचारले. धोंडीबाला ते त्याच क्षणी कळले. त्याचा चेहरा उतरला. कानाची पाळी धरून त्याने चूक कबूल केली आणि माणसे कामाला लावली. पाऊण तासात डाय बदलून झाली.

दहाला चहाची सुट्टी झाली. प्रेस थांबले, आणि किटलीचे झाकण वाजलेले पार भिंतीपर्यंत ऐकू येऊ लागले. मुकुंदने मागून हाक मारली, "मामा." धोंडीबा चहा पीत राहिला. मुकुंदने आणखी मोठ्याने हाक मारली.

"चहाच्या टायमाला मामांना साहेब दिसत न्हाईत," किसन म्हणाला. दोघे-तिघे हसले. त्यांचे हसणारे चेहरे पाहून धोंडीबा वळला आणि घाईने उभा राहिला.

तो हाकेने नव्हे, चेहरे पाहून वळला, हे मुकुंदने टिपले. अकरा वर्षांपूर्वी कॉलेजातून नुकताच आलेला तो याच जागी घसा बसेपर्यंत ओरडत होता आणि कामगार एकमेकांकडे बघत होते. तेव्हा धोंडीबाने त्याला बाजूला घेऊन सांगितले होते, वरडू नका साहेब, आवाज प्रेस खातोय. मान वर करा, तोंड दावा, मानूस समजून घेतो. या शॉपमध्ये मुकुंदचा शब्द चालू लागला तो त्या दिवसापासून.

त्याने धोंडीबाला रॅकमागे नेले, त्याच्या समोर उभा राहिला आणि सावकाश विचारले, "किती दिवस झाले?"

धोंडीबाने त्याच्या ओठांवरची नजर काढली नाही. "दोन दिवाळ्या झाल्या. मशीन चालू आसलं की कुटं अडत न्हाई, तोंडं बघायची सवयच हाय. तुमच्या केबिनीत मातर घोटाळा व्हतोय. तुमी कागदात बघून बोलता."

"मला सांगायचं नाही का, मामा?"

"सांगून गेटवरचं स्टूल मिळालं आसतं." तो पुढे म्हणाला, "तुमाला लिवायचं ते लिवा. खोटं लिवू नका. फकस्त त्या किसनला, पोरास्नी, कानात कापूस घालाया लावा. आमाला कुनी सांगितलं न्हाई."

संध्याकाळी मुकुंदने पत्रक भरले. प्रेरणेच्या रकान्यात त्याने लिहिले : 'उत्तम. ऐकू कमी येते. चालू शॉपमध्ये त्यामुळे काही अडत नाही. झालेल्या चुका माझ्या सूचना देण्याच्या पद्धतीमुळे झाल्या. ती पद्धत उद्यापासून बदलत आहे.' खाली सही करून तो पत्रक स्वतः घेऊन गेला. परचुऱ्यांनी ते दोनदा वाचले.

"मुकुंदराव, पुढे काही झालं तर हे तुमच्यावर येईल."

"यावं," मुकुंद म्हणाला. "माझंच आहे ते."

परचुऱ्यांनी चष्मा काढून पुसला आणि पत्रक फाइलला लावले.

दुसऱ्या दिवशी सात वाजून दहा मिनिटांनी केबिन रिकामी होती. चारही फोरमन तीन नंबरच्या चालू प्रेसपाशी उभे होते. मुकुंदने कारखान्याच्या दवाखान्यातून आणलेली कापसाची गुंडाळी उघडली, दोन बोळे करून आधी आपल्या कानांत घातले आणि गुंडाळी पुढे केली. किसनने हसत हसत कापूस घेतला. दुसऱ्या दोघांनी घेतला. गुंडाळी धोंडीबापाशी आली.

त्याने क्षणभर मुकुंदकडे पाहिले. मग त्यानेही कापूस तोडला, दोन बोळे वळले आणि इतरांसारखेच आपल्या कानांत नीट बसवले.

मुकुंदने हातातला कागद खिशात घातला आणि मान वर केली.