जांभळ्या दिव्याखाली

अंधार.

शोभा सिस्टरनं खिडकीवर काळं कापड ओढलं आणि डोक्यावरचा मोठा दिवा मालवला. मनकर्णा टेबलावर टक्क जागी. पाठीत सुई टोचल्यापासून कमरेखालचं अंग तिचं राहिलं नव्हतं. कान मात्र तिचेच होते. छातीपुढं हिरवा पडदा, पडद्याआड सकाळच्या गाडीनं नागपूरहून आलेले डॉक्टर.

"लावा."

जांभळा दिवा लागला. मालवलेल्या दिव्याच्या चकचकीत पत्र्यात मनकर्णाला आपला पाय दिसला. नडगी उघडी, आणि तिच्यात पिवळा उजेड. तो लुकलुकत नव्हता. नुसता बघत होता.

उजेड.

मोठ्या दिव्याखाली डॉक्टर हाड खरवडू लागले. त्यांनी तिला आधीच समजावलं होतं. पिवळ्या कॅपसुला घ्यायच्या, गुरुवारी बंद करायच्या. चांगल्या हाडातून औषध निघून जातं. गाठीच्या हाडात राहतं आणि या दिव्याखाली चमकतं. चमकेल तेवढं काढायचं. गुडघ्याच्या खाली थांबलं, तर पाय वाचला.

अंधार.

पिवळा उजेड गुडघ्यात शिरला होता.

मग डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, करवत. बाई, ऐकता ना? पाय मांडीतून काढावा लागेल. यशवंतरावांनी सही दिली आहे."

नवऱ्यानं सही दिली होती. बोरगावच्या गुणवंताबाईचा पायही असाच गेला होता. पुढच्या संक्रांतीला तिच्या घरात तिची सवत वाण वाटत होती.

"डॉक्टरसायेब," मनकर्णा म्हणाली, "म्या आज सकाळीबी खाल्ली जी कॅपसूल."

"काय?"

"जामसांवलीच्या मारुतीच्या तीर्थासंगं. कालबी. उरल्या होत्या नं. औषध काहून फेकाचं?"

"अहो, बंद म्हणजे बंद! आता तुमचं सगळंच हाड चमकणार. त्यात गाठ कुठली नि चांगलं कुठलं, मी काय कपाळ ओळखू?"

"चुकलं जी माह्यं."

गुरुवारपासून तिनं एकही कॅपसूल तोंडात घातली नव्हती. उरलेल्या सगळ्या तिनं शोभा सिस्टरच्याच हातात दिल्या होत्या.

मुखपट्टीच्या वर सिस्टरचे डोळे थांबले. करवत हातातच. जांभळ्या उजेडात ते डोळे मनकर्णाकडे बघत राहिले.

"सिस्टर, तुम्हाला ठाऊक होतं हे?"

सिस्टरनं मनकर्णावरची नजर काढली.

"नाही, सर."

"मोठा दिवा लावा. गुडघ्याला मी हात लावत नाही. पुढल्या महिन्यात पुन्हा बघू, याच दिव्याखाली."

करवत तसराळ्यात परत ठेवल्याचा आवाज झाला.

उजेड.

वॉर्डात वैशाखाची दुपार. यशवंतराव आल्या-गेल्याला सांगून राहिले होते, "वाचला बाप्पा, आमच्या बाईचा पाय वाचला! आता नारळ फोडतो!" सगळे हसत होते. पट्टीतला पाय पांढरा स्वच्छ, कुणाच्याही पायासारखा.

शोभा सिस्टर ताप बघायला आली. यशवंतराव पाणी आणायला बाहेर गेले तशी मनकर्णानं हळूच तिचा हात धरला.

"बाई, एक घोंगडं देता का?"

अंगाची लाही होत होती. पंखा बंद पडलेला. सिस्टरनं का म्हणून विचारलं नाही. जाड काळं घोंगडं आणलं, पायावर टाकलं, आणि कुठं फट राहू नये म्हणून चारी बाजूंनी गादीखाली घट्ट खोचलं.