बाळाला कुणी पाजलं

लाँड्रीवाल्या बापाने डाग काढायचं औषध सरबताच्या रिकाम्या बाटलीत भरून घरी आणलं, बेसिनखाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर होता, आई गच्चीत कपडे वाळत घालत होती. धाकटा तहानेने रडायला लागला, म्हणून पाच वर्षांच्या ताईने मायेने त्याला बाटलीतलं पेल्यात ओतून पाजलं. संध्याकाळी हॉस्पिटलच्या व्हरांड्यात डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. ताईने आईला विचारलं, "मी पाजलं म्हणून बाळ उठत नाही का गं?" बापाने लेकीसमोर गुडघे टेकले. "नाही गं राणी. तू दिलंस ते सरबतच होतं. औषध नंतर मी पाजलं." "पण बाबा, तुम्ही तर कामावर होतात!" आता कुठे आईने नवऱ्याकडे पाहिलं. लेकीला कुशीत ओढून म्हणाली, "मधे येऊन गेले होते गं. तू झोपली होतीस."