पहिली पन्नास मिनिटं

चहाचा पेला सुहार्नीबाईंच्या समोर आला, पण "घ्या" असं कुणी म्हणालंच नाही.

त्या पेल्याकडे बघत बसल्या. मोगऱ्याच्या वासाचा गोड चहा, वर झाकण. भर दुपारी दुचाकी टॅक्सीच्या मागे बसून अर्धं सोलो शहर ओलांडून आल्या होत्या. घशाला कोरड पडली होती. पण घरच्या माणसाने म्हटल्याशिवाय पेल्याला हात लावायचा नाही, हे जावानी माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. समोर बसलेली तिउर्मा सुमात्रातल्या मेदानकडची, बाटक समाजातली. सोलोत समुपदेशनाचं केंद्र थाटून तिला जेमतेम चार महिने झाले होते. तिच्या गावी पाहुणा टेकायच्या आत पेला रिकामा करतो.

"मी डॉक्टर नाही, काकू," ती म्हणाली. "गोळ्याबिळ्या देणार नाही. तुम्ही बोलायचं, मी ऐकायचं, मधे मधे विचारायचं. पन्नास मिनिटं. इथलं बोलणं इथेच राहतं. फक्त कुणाच्या जिवाला धोका आहे असं वाटलं, तर मला गप्प बसता येणार नाही. पण तेव्हाही आधी तुम्हालाच सांगेन."

सुहार्नीबाईंनी हसून मान हलवली. जे सांगायला म्हणून त्या आल्या होत्या, ते मात्र नेमकं त्या 'फक्त'मध्ये बसत होतं.

"झोप लागते?"

"लागते की."

"जेवण?"

"जातं."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि सासूबाई. हे गेले माझे. सासूबाई तीन वर्षं अंथरुणातच आहेत. ओळखत नाहीत कुणाला. मला कामवाली समजतात." बाई हसल्या. "गंमतच आहे सगळी."

"सगळं तुम्हीच करता? त्रास होत असेल."

"छे हो. अल्लाच्या कृपेने छान चाललंय."

छान चाललेल्या बाईला तिची सुराबायातली लेक अशी फोनवरून वेळ घेऊन देत नाही, एवढं तिउर्मालाही कळत होतं. पण ती विचारत राहिली आणि बाई छान, छान म्हणत राहिल्या. मग त्यांनीच चौकशी सुरू केली. पडदे कुठून घेतले, आई-वडील कुठे असतात, लग्नाचं काही बघताय की नाही. तीन वर्षं शेजाऱ्यापाजाऱ्यांना हेच करून वाटेला लावलं होतं त्यांनी. त्यात इतका जीव शिणायचा की, दार लावल्यावर भिंतीला टेकून उभं राहावं लागे. आताही खांदे भरून आले होते. कधी एकदा वेळ संपते आणि घरी जाते असं झालं होतं, आणि घरी जायचीच भीती वाटत होती.

"काकू, वीस मिनिटं राहिलीत," तिउर्मा म्हणाली. "चहा आवडत नाही का तुम्हाला?"

"आवडतो ना."

"मग घेतला नाहीत?"

"तुम्ही 'घ्या' म्हणाला नाहीत."

तिउर्मा बघतच राहिली. "अर्धा तास तशाच बसलात? तहान लागली होती?"

"नाही, तसं काही..." बाई थांबल्या. "खूप लागलीय."

आल्यापासूनचं हे पहिलं खरं उत्तर होतं. "घ्या, घ्या," तिउर्मा ओशाळून म्हणाली. "मला अजून इथल्या रीती जमत नाहीत. आमच्याकडे लोक भांडून दुसरा पेला मागतात." बाईंनी झाकण काढलं आणि उभ्या उभ्या प्यावा तसा तो गार चहा घटाघटा संपवला. तिउर्माने न विचारताच किटलीतून दुसरा ओतला.

"आता सांगा. झोप लागते?"

"नाही. मंगळवारपासून डोळ्याला डोळा नाही."

"मंगळवारी काय झालं?"

"पेज भरवत होते. त्यांनी थुंकली. तिसऱ्यांदा. चादर नुकती बदलली होती मी. त्यांच्या तोंडावर हात ठेवला." बाई हसतच होत्या. आपलं दुःख दुसऱ्याच्या अंगावर टाकताना तोंड हसरं ठेवायचं, ही रीत इतकी मुरली होती की, हसतोय हे त्यांना कळतही नव्हतं.

"गप्प करायला?"

"आधी गप्प करायला. मग काढलाच नाही. नाकही झाकलं गेलं होतं, ते कळत होतं मला. बाहेर गाडीवर सूप विकणारा वाडगा वाजवत आला, दारावरून पुढे गेला, तोवर हात तिथेच." त्यांनी तो उजवा हात मांडीखाली सरकवला. "आता तुम्ही सांगणार ना सगळ्यांना?"

"सगळ्यांना नाही. तुमच्या लेकीला, आणि तेही आपण दोघी मिळून, इथूनच फोन करून. आता कोण आहे त्यांच्यापाशी?"

"शेजारीण."

"आज भरवायचं काम तिचं. तुम्ही तिथे एकट्या थांबायचं नाही. उद्या सकाळी परत इथे या, मी वेळ काढते." तिउर्माचा आवाज हळू झाला. "हात काढल्यावर काय झालं, काकू?"

बाईंच्या तोंडावरचं हसू गेलं. एकदम दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसायला लागल्या.

"धाप लागली त्यांना. मी पाणी पाजलं, पाठ चोळली. मग माझा हात धरून हळूच म्हणाल्या, 'बाई, हे माझ्या सुनेला सांगू नकोस हं. आधीच थकलीय बिचारी.'"