दुसरा डोळा

हिरामण पेणच्या एका कारखान्यात गणपतीचे डोळे आखायचा. रेघ ओढताना श्वास रोखावा लागतो आणि वर्षभर त्याला तेच जमत नव्हतं. माळ्यावरच्या पारव्यांच्या विष्ठेच्या धुळीने त्याची फुप्फुसं कडक झाली होती. पारवे हाकलले, माळा धुतला, गोळ्या सुरू झाल्या.

सहा महिन्यांनी डॉक्टरीणबाईंनी त्याला पुन्हा मशीनच्या नळीत फुंकायला लावलं. आकडा बघून त्यांचा चेहरा पडला.

"थोडाच वाढलाय, हिरामणदादा. फुप्फुसं पहिल्यासारखी व्हायची नाहीत."

"नाय तर नाय, मॅडम. गेल्या साली एका डोळ्याला तीनदा थांबायला लागायचं, रेघ तुटायची. आता एका दमात आख्खा डोळा होतो."

"आणि दुसरा?"

हिरामण हसला. "जरा दम खातो. तेवढा वेळ देव थांबतो."