दिवंगताचे गोडवे

"असा न्यायी माणूस पुन्हा होणे नाही," म्हणत माजी मंत्री काउंट एतिएननी भाषण संपवलं. दिवंगत सभासदाच्या खुर्चीवर बसायचं तर आधी त्याचे गोडवे गायचे, हा पॅरिसच्या विद्वत्सभेचा रिवाज. याच दिवंगताच्या सहीने क्रांतीत काउंटच्या वडिलांचं मुंडकं उडालं होतं.

दिवंगताची विधवा पुढे आली. काउंटनी वाकून तिच्या हाताचं चुंबन घेतलं.

"तुम्ही लिहिलेल्या इतिहासात त्या सहीवर अख्खं प्रकरण आहे," ती म्हणाली. "मरताना आमचे हे म्हणाले, त्यातला शब्द न् शब्द खरा आहे."

"नव्या आवृत्तीतून ते काढलंय, बाईसाहेब," काउंट हळूच म्हणाले. "सभेत माझ्या निवडीसाठी मतदान झालं, त्याच्या आधीच."

तिने ओठ लागलेला हातमोजा चिमटीत धरून काढला आणि त्यांच्या नव्या खुर्चीवर टाकला.