नूरीचे हात

बॅट धरून धरून नूरीच्या तळव्यांना घट्टे पडले होते. कुवेतातल्या अहमदी शहरातली शाळा संपली की अमेरिकेतल्या कॉलेजात जायचं आणि तिथेही बेसबॉलच खेळायचा, एवढाच तिचा हट्ट. त्यावर उत्तर म्हणून अब्बांनी रत्नागिरीहून बोटीने स्थळ मागवलं.

“मुठी मिटून बस गो,” आईने बजावलं. “हे असले हात बघून कोण करील तुला?”

नूरीला तेच हवं होतं. तिने मुलाच्या आईपुढे दोन्ही तळवे पसरले.

बाईंनी ते कौतुकाने डोळ्यांना लावले. “कुवेतात राहूनसुद्धा पोरीने जातं सोडलं नाही! मला अशीच सून हवी.”

नूरीने घाईने मुठी आवळल्या.

“लाजली गो!” म्हणत बाईंनी एक बोट हळूच सोडवलं आणि त्यात अंगठी चढवली.