पाठीवरचे तीळ

बायको पाठीवरच्या एका तिळाच्या कॅन्सरने गेली, तेव्हापासून मुलीच्या अंगावर नवा ठिपका दिसला की पोहायला शिकवणारा तो माणूस तिला उजेडात नेऊन पुन्हा पुन्हा तपासायचा. शेवटी तो तिला त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला.

डॉक्टरबाईंनी सात वर्षांच्या पोरीची पाठ भिंगातून निरखली. "लहानपणी ऊन फार लागलं की मुलांना तीळ जास्त येतात. हिला मोजून चार आहेत, तेही साधे. रोज तलावावर असते म्हणता, मग उन्हाचं क्रीम कोण लावायचं?"

"हिची आई. मी चिडवायचो तिला, पोरगी आहे की भिंत, किती लिंपशील?"

"आई हसायची तेव्हा," पोरगी म्हणाली.

"तिच्यामुळेच वाचली हो ही पाठ," बाई म्हणाल्या. तो खाली बघत पोरीच्या फ्रॉकची बटणं लावत राहिला.



तलावावर पोरीला क्रीम लावून झालं की बायको ट्यूब त्याच्यापुढे धरून म्हणायची, "अहो, माझा हात पोचत नाही, तेवढं पाठीला लावा ना," आणि तो गळ्यात शिट्टी अडकवत रोज एकच उत्तर द्यायचा, "तू काय आता लहान आहेस?"